एकदा नादारी झाली, आता दुसरा अर्ज कधी? पुण्यातून वारंवार येणारे प्रश्न

नादारी, म्हणजे कर्ज फेडता येत नाही म्हणून कोर्टाकडून दिवाळखोर ठरणे, याबद्दलचे हे प्रश्न शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर इतक्या वेळा येतात की एकदाच लिहून ठेवलेले बरे. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर सांगितली असेल तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ही सर्वसाधारण माहिती आहे. तुमचे कागद बघितल्याशिवाय तुमच्या प्रकरणाबद्दल कोणीही छातीठोकपणे सांगू नये, आणि सांगितले तर तुम्ही ऐकू नये.

१. दिवाळखोरीचा अर्ज एकदा केला की पुन्हा किती वर्षांनी करता येतो?

पुण्यात राहणाऱ्या नोकरदाराला, दुकानदाराला किंवा प्रोप्रायटरशिप चालवणाऱ्याला लागू होणाऱ्या कायद्यात, म्हणजे १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यात, असा वर्षांचा आकडाच नाही. कोर्ट कॅलेंडर बघत नाही, आधीचे प्रकरण कसे संपले ते बघते. डिस्चार्ज, म्हणजे कर्जातून सुटका करणारा कोर्टाचा आदेश, मिळून संपले (प्रश्न ९), डिस्चार्ज मागायचा राहिला म्हणून नादार ठरवल्याचा आदेश रद्द झाला (प्रश्न ६), अर्जच फेटाळला गेला (प्रश्न ८), की अजून संपलेच नाही (प्रश्न ५)? या चारपैकी तुमचे कोणते, हे आधी ठरवा.

१२ महिन्यांचा एक ठोस आकडा आहे, पण तो कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांसाठी. तो प्रश्न ११ मध्ये आहे.

२. मग "आठ वर्षे थांबावे लागते" असे सगळीकडे का वाचायला मिळते?

कारण ते अमेरिकेतल्या कायद्याबद्दल लिहिलेले असते. मोबाइलवर शोधले की तेच आधी वर येते. कोथरूडमधल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. तुमचे कोणी तिकडे असेल तर प्रश्न १५ वाचा.

३. २०१६ मध्ये नवा कायदा आला ना? मग १९२० चा कायदा अजून कसा काय?

नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६, म्हणजे बोलीभाषेतली आयबीसी, कंपन्यांसाठी पूर्णपणे चालू आहे. व्यक्तींसाठी तिचा तिसरा भाग आहे, पण तो १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता लागू झाला. बाकीच्या व्यक्तींसाठी जुने कायदेच चालतात: मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांना १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स कायदा आणि पुण्यासह इतर भागांना १९२० चा प्रांतिक नादारी कायदा.

नव्या संहितेत गरीब कर्जदारांसाठी "फ्रेश स्टार्ट" नावाची सोय लिहिलेली आहे आणि तिथेही मागच्या १२ महिन्यांत असा आदेश झालेला नसावा अशी अट आहे. पण वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत आणि कर्ज ३५,००० पर्यंत, असे तिचे निकष आहेत. पुण्यात एका खोलीचे वर्षाचे भाडे यापेक्षा जास्त होते. शिवाय ती सोय सामान्य व्यक्तींसाठी सुरूच झालेली नाही, त्यामुळे कोणी "फ्रेश स्टार्ट करून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर सरळ उठून या.

४. पहिला अर्ज असो की दुसरा, तो कोण आणि कुठे करतो?

पुणे जिल्ह्यात राहणारा, धंदा करणारा किंवा पोटासाठी काम करणारा माणूस पुणे जिल्हा न्यायालयात अर्ज करतो. कर्ज फेडता येत नसणे ही मूळ अट. त्याखेरीज तीनपैकी एक गोष्ट हवी: कर्ज ५०० रुपये किंवा जास्त असणे, हुकूमनाम्याच्या दरखास्तीत (कोर्टाने द्यायला सांगितलेल्या रकमेच्या वसुलीत) अटक झालेली असणे, किंवा मालमत्तेवर जप्तीचा आदेश असणे. ५०० चा आकडा १९२० चा आहे, तेव्हा तो कोणी पूर्ण करत नाही असे होतच नाही.

भागीदारी किंवा प्रोप्रायटरशिपच्या धंद्याचे कर्जही याच वाटेने जाते. "माझी फर्म होती, म्हणजे कंपनीच" असे समजून लोक मुंबईला एनसीएलटीत (कंपन्यांच्या प्रकरणांच्या न्यायाधिकरणात) चौकशी करून येतात आणि एक दिवस वाया घालवतात.

५. कोर्टाने मला नादार ठरवले, म्हणजे माझे कर्ज माफ झाले ना? प्रकरण संपले ना?

नाही. सगळ्यात जास्त नुकसान याच गैरसमजामुळे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नादार ठरवल्याचा आदेश ही प्रकरणाची सुरुवात आहे. त्या आदेशाने तुमची मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे (कोर्टाने मालमत्ता सांभाळायला नेमलेल्या माणसाकडे) जाते आणि साधे, बिनतारण सावकार (सावकार म्हणजे इथे ज्यांचे देणे आहे ते सगळे, बँकसुद्धा) कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर वेगळी कारवाई करू शकत नाहीत. लोकांना हा दिलासा जाणवतो आणि ते कोर्टाकडे फिरकायचे सोडून देतात. पण त्याच आदेशात कोर्टाने एक मुदत घातलेली असते, की अमुक काळात डिस्चार्जसाठी अर्ज करा. कर्जातून सुटका होते ती डिस्चार्जने. तो आपोआप मिळत नाही, मागावा लागतो.

मधल्या काळात तुम्ही "डिस्चार्ज न झालेले नादार" असता. या काळात वारशाने आलेला फ्लॅटचा हिस्सा असो की नवीन घेतलेली जागा, तीही कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते. कायद्याने जप्तीतून सूट दिलेल्या गोष्टी, उदाहरणार्थ भविष्यनिर्वाह निधी आणि पगाराचा ठरावीक भाग, वाचतात. आपण नादार आहोत हे न सांगता कोणाकडून ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेतले, तर सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. किराणावाल्याकडची वहीसुद्धा यात बसते.

वीस वर्षांपूर्वी नादारी झाली, पण डिस्चार्जचा कागदच नाही, अशी माणसे भेटतात. त्यांचा प्रश्न "दुसरा अर्ज कधी" हा नसतोच. आधी पहिल्याचे काय झाले ते शोधावे लागते. मुदत संपत आली असेल आणि आदेश अजून रद्द झाला नसेल, तर मुदतवाढ मागता येते. पुरेसे कारण दाखवले तर कोर्ट ती देऊ शकते.

६. डिस्चार्ज मागायचा राहून गेला आणि कोर्टाने नादारीचा आदेश रद्द केला. आता पुन्हा अर्ज करता येईल?

येईल, पण परवानगीने. पुण्यातल्या दुसऱ्या अर्जांबद्दलचा सगळ्यात महत्त्वाचा नियम हाच आहे. तो १९२० च्या कायद्याच्या कलम १० च्या दुसऱ्या पोटकलमात आहे.

डिस्चार्जसाठी अर्जच केला नाही, किंवा केला पण चालवला नाही, म्हणून आदेश रद्द झाला असेल, तर ज्या कोर्टाने तो रद्द केला त्याच कोर्टाची परवानगी घेतल्याशिवाय नवा अर्ज दाखल करता येत नाही. रद्द होऊन दोन वर्षे झाली की बारा, याने फरक पडत नाही. परवानगी दोनच कारणांवर मिळते. एक, डिस्चार्ज मागण्यात किंवा अर्ज चालवण्यात तुम्हाला खरोखर अडचण होती. दोन, नवा अर्ज ज्या परिस्थितीवर उभा आहे ती पहिल्या वेळेपेक्षा ठळकपणे वेगळी आहे.

पहिल्या कारणासाठी कागद लागतात: रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, अपघाताची नोंद, वकील वारल्याची तारीख. "मला माहीत नव्हते" एवढ्यावर भागत नाही. दुसऱ्या कारणाचे उदाहरण द्यायचे तर पहिली नादारी मार्केट यार्डातल्या उधारीमुळे झाली असेल आणि आत्ताची कर्जे त्यानंतरच्या आजारपणाची असतील, तर परिस्थिती वेगळी आहे असे म्हणता येते. तीच उधारी आणि तेच सावकार असतील, फक्त व्याज वाढले असेल, तर हा मुद्दा लंगडा पडतो.

रद्द झाल्याचे परिणामही लक्षात घ्या. कर्जे पुन्हा जिवंत होतात. पूर्वी अटकेतून सुटला असाल तर कोर्ट पुन्हा कोठडीत पाठवू शकते. आणि "आता वसुलीची मुदत गेली असेल" या आशेवर राहू नका: सावकाराची मुदत मोजताना नादार ठरवल्यापासून आदेश रद्द होईपर्यंतचा काळ सहसा वगळला जातो.

सगळी देणी चुकती झाली म्हणूनही आदेश रद्द होतो. तो प्रकार निराळा, त्याला ही परवानगीची अट नाही.

७. माझी पहिली नादारी गिरगावात असताना झाली होती आणि रद्द झाली. आता मी वारज्यात राहतो. इथे नव्याने सुरुवात करता येईल का?

पत्ता बदलल्याने पाटी कोरी होत नाही. १९०९ च्या कायद्याखालचा आदेश प्रश्न ६ मधल्या कारणाने रद्द झाला असेल, तरीही परवानगी रद्द करणाऱ्या कोर्टाचीच, म्हणजे तुमच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाची. ती हातात आल्यावर अर्ज पुण्यात.

८. माझा पहिला अर्ज कोर्टाने फेटाळला. किती थांबू?

थांबण्याचा काळ कायद्यात लिहिलेला नाही. प्रश्न ६ मधली परवानगीची अट नादार ठरवल्याचा आदेश रद्द झालेल्यांना आहे. तुम्हाला तर नादार ठरवलेलेच नव्हते.

पण अर्ज का फेटाळला ते निकालपत्रात नीट वाचा. कागद अपुरे होते, सावकारांची यादी अर्धवट होती, तारखांना गैरहजर राहिलात, तर ती उणीव भरून पुन्हा जाता येते. "याला कर्ज फेडता येण्यासारखे आहे" असा निष्कर्ष असेल, तर त्यानंतर काय बदलले ते दाखवावे लागेल. नाहीतर दुसरा अर्ज वसुली लांबवण्यासाठी केलाय असेच दिसते, आणि माझ्या मते बऱ्याचदा ते खरेही असते. निकालच चुकीचा वाटत असेल तर नव्या अर्जापेक्षा अपील बरे. जिल्हा न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात जायला ९० दिवस असतात.

अर्ज मधेच मागे घ्यायचा असेल तर त्यालाही कोर्टाची परवानगी लागते. "तारखेला गेलो नाही, म्हणजे मागे घेतला" असे होत नाही.

९. पहिल्या वेळी रीतसर डिस्चार्ज मिळाला. धंदा पुन्हा बुडाला. दुसऱ्यांदा नादारी मागता येते का?

मागता येते, आणि दाखल करण्याआधी अमुक वर्षे थांबा असेही नाही. अडचण शेवटी येते. दुसऱ्या वेळी डिस्चार्ज मागाल तेव्हा कोर्ट कलम ४२ मधली यादी बघते आणि तिच्यात "यापूर्वी नादार ठरला होता, किंवा सावकारांशी तडजोड केली होती" हे स्वतंत्र कारण आहे. ते सिद्ध झाले की बिनशर्त डिस्चार्ज कोर्ट देऊच शकत नाही.

म्हणजे दार बंद, असे नाही. कोर्ट डिस्चार्ज देऊन त्याचा अंमल काही काळ पुढे ढकलू शकते, किंवा पुढच्या कमाईतून काही भाग भरण्याची अट घालू शकते. अट पाळणे शक्यच नाही असे झाले, तर आदेशापासून एक वर्षानंतर ती बदलून मागता येते. थांबण्याचा काळ आहे तो इथे, प्रकरणाच्या शेपटाला, आणि तो किती हे न्यायाधीश ठरवतात.

त्याच यादीत हिशेबाच्या वह्या न ठेवणे, नादार झालोय हे माहीत असून धंदा चालू ठेवणे, जुगार, उधळपट्टी, बेफाम सट्टा हेही आहे. मालमत्ता बिनतारण कर्जाच्या रुपयामागे निदान आठ आणे नसेल तर तेही एक कारण, मात्र यात तुमचा दोष नव्हता हे पटवता येते. दुसऱ्यांदा जाणाऱ्याने वह्या आणि बँक स्टेटमेंट आधी नीट लावावीत, अर्ज नंतर.

१०. पहिल्या अर्जाबद्दल सांगितलेच नाही तर? इतक्या जुन्या फायली कोण बघतो?

सावकाराचा वकील बघतो. पूर्वी अर्ज केला होता का, फेटाळला तर का, नादार ठरला तर पुढे काय झाले, हे सगळे अर्जातच लिहायचे असते. कायद्याने तो रकाना सक्तीचा आहे. परिस्थिती लपवण्यासाठी मुद्दाम खोटे लिहिल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

११. भोसरीतल्या आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या कर्जाला मी वैयक्तिक जामीन आहे. मला कोणता नियम?

तुम्हाला २०१६ ची संहिता लागू, आणि १२ महिन्यांचा नियम तुमच्यासाठी. अर्ज पुण्यात नाही, एनसीएलटीच्या मुंबई पीठाकडे, कारण कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय जिथे, तिथले पीठ.

कलम ९४ सांगते की नव्या अर्जाच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत तुमच्याबाबत संहितेच्या त्याच प्रकरणाखालचा (चॅप्टरखालचा), म्हणजे परतफेड योजनेच्या प्रक्रियेचा, अर्ज दाखल करून घेतला गेला असेल, तर तुम्ही पुन्हा तो करू शकत नाही. मोजायचे दाखल करून घेतल्याच्या आदेशापासून. नुसता अर्ज दिला होता पण तो नाकारला गेला, तर हे १२ महिने सुरूच होत नाहीत. एखादी प्रक्रिया चालू असेल, किंवा तुम्ही डिस्चार्ज न झालेले दिवाळखोर असाल, तर १२ महिने उलटले तरी उपयोग नाही.

आता खाचा. परतफेड योजना सावकारांनी नाकारली, तर पुढची पायरी म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज. तो संहितेच्या वेगळ्या प्रकरणात येतो, त्यामुळे त्याला १२ महिन्यांची आडकाठी नाही. उलट तिथे घाई आहे: योजना नाकारल्याच्या आदेशापासून तीन महिन्यांत तो करायचा. "आता वर्षभर काहीच करता येत नाही" असे समजून ही मुदत घालवू नका. दिवाळखोरीचा आदेश झाल्यावर मात्र १९२० च्या कायद्यासारखी अनिश्चितता नाही. प्रक्रिया सुरू झाल्यापासून एक वर्ष पुरे झाले, किंवा त्याआधी मालमत्तेचे वाटप पूर्ण झाल्याला सावकारांच्या समितीने मान्यता दिली, की डिस्चार्जची वेळ येते. त्या काळात कंपनीचे संचालक राहता येत नाही आणि परदेशी जायला परवानगी लागते.

पहिला अर्ज सावकारांना फसवण्याच्या हेतूने केला होता म्हणून नाकारला गेला असेल, तर सावकाराला थेट दिवाळखोरी मागण्याची मुभा मिळते.

१२. हे १२ महिने बँकेलाही लागू होतात का?

कलम ९४ मधली बंदी कर्जदाराने स्वतः करायच्या अर्जावर आहे. बँक कलम ९५ खाली येते आणि तिथे तशी ओळ नाही. तुमचा हात बांधलेला असताना बँकेचा मोकळा असू शकतो.

१३. दुसरा अर्ज टाकला की लिलाव, वसुलीवाले, चेकची केस, सगळे थांबेल ना?

बहुतेक लोक खरे तर याचसाठी विचारतात. १९२० च्या कायद्यात नुसता अर्ज दिल्याने आपोआप काहीच थांबत नाही. नादार ठरवल्याचा आदेश व्हावा लागतो, आणि तोही तारण घेतलेल्या बँकेला अडवत नाही. घरावर गृहकर्ज असेल तर सरफेसी कायद्याची (बँकेला तारण मालमत्ता थेट ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या कायद्याची) कारवाई चालूच राहते. तिला आव्हान द्यायचे तर पुण्याच्या डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात), ४५ दिवसांच्या आत.

जामीनदारांसाठी संहितेत अर्जाच्या दिवसापासून अंतरिम स्थगिती लिहिलेली आहे. तिचा आडोसा म्हणून वापर होतो अशी ओरड होती, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात जामीनदारांसाठी ती काढून टाकण्याचा प्रस्ताव आला. अर्जाच्या दिवशी कायद्याचा मजकूर काय आहे ते वकिलाकडून बघून घ्या, जुन्या लेखावर विसंबू नका, यावरही नाही.

चेक न वटल्याचा खटला या स्थगितीने थांबत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये स्पष्ट केले. ग्राहक आयोगाने लावलेल्या दंडाबद्दलही त्याआधीच्या महिन्यात तसाच निकाल दिला.

१४. डिस्चार्ज मिळाला तरी कोणती देणी मागे लागतात? बायकोचे, जामीनदाराचे काय?

१९२० च्या कायद्यात सरकारी देणी, फसवणुकीतून झालेली देणी आणि पोटगी सुटत नाही. संहितेत कोर्टाचा दंड, पोटगी आणि शैक्षणिक कर्ज बाहेर ठेवले आहे. ही देणी पहिल्या वेळी सुटली नाहीत, तर दुसऱ्या वेळीही सुटणार नाहीत, मग फक्त त्यांच्यासाठी दुसरा अर्ज कशाला?

सुटका तुमची होते, सहकर्जदाराची किंवा जामीनदाराची नाही. पतसंस्थेच्या कर्जाला मेहुणा जामीन असेल तर वसुली अधिकारी त्याच्या दारात जाणारच. पत्नीची नादारी पूर्णपणे वेगळी: तुमचा आधीचा अर्ज तिच्या खात्यात मोजला जात नाही. मात्र नादारीच्या तोंडावर फ्लॅट तिच्या नावावर बक्षीसपत्राने केला असेल, तर दोन वर्षांच्या आतले असे हस्तांतरण रद्द होऊ शकते.

१५. मुलगा न्यू जर्सीत आहे. त्याने तिकडे एकदा बँकरप्सी घेतली होती. त्याला पुन्हा कधी मिळेल?

तिथे खरोखर वर्षे मोजतात, आणि पहिल्या अर्जाच्या तारखेपासून दुसऱ्या अर्जाच्या तारखेपर्यंत मोजतात, डिस्चार्जच्या तारखेपासून नाही. तिथे मुख्य दोन प्रकार: चॅप्टर ७ (मालमत्ता विकून सुटका) आणि चॅप्टर १३ (हप्त्यांनी परतफेडीची योजना). चॅप्टर ७ नंतर पुन्हा ७ साठी ८ वर्षे. ७ नंतर १३ साठी ४. १३ नंतर पुन्हा १३ साठी २. १३ नंतर ७ साठी ६, पण आधीच्या योजनेत बिनतारण कर्ज पूर्ण फेडले असेल, किंवा प्रामाणिक प्रयत्नाने निदान ७० टक्के फेडले असेल, तर ही ६ वर्षांची अट नाही.

ही अंतरे डिस्चार्ज मिळण्यासाठीची आहेत. अर्ज त्याआधीही करता येतो, फक्त शेवटी कर्ज सुटत नाही. कोर्टाचे आदेश मुद्दाम न पाळल्याने आधीचे प्रकरण फेटाळले गेले असेल, तर १८० दिवस नवा अर्जच नाही. मागच्या वर्षात एक प्रकरण फेटाळले गेले असेल तर वसुलीवरची आपोआप मिळणारी स्थगिती ३० दिवसांत संपते, दोन गेली असतील तर ती सुरूच होत नाही. दोन्हीकडे कोर्टाला विनंती करता येते.

त्याच्या नावावर पुण्यात काही असेल, वडिलोपार्जित हिस्सा धरून, तर तेही तिकडच्या अर्जात दाखवावे लागते. त्यांच्या कायद्यात मालमत्ता जगात कुठेही असली तरी मोजली जाते. हे विसरणारे बरेच आहेत.

१६. परवानगी मिळेपर्यंत किंवा १२ महिने संपेपर्यंत बँकेशी सेटलमेंट केली तर?

अवश्य करून बघा, लोकअदालतीत किंवा थेट. दोन गोष्टी माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीनुसार शेतीव्यतिरिक्त कर्जात तडजोड केलेल्या कर्जदाराला त्या बँकेने निदान १२ महिने नवे कर्ज द्यायचे नाही. आणि १९२० च्या कायद्यातली "सावकारांशी तडजोड" पुढे प्रश्न ९ मधल्या यादीत येऊ शकते, म्हणून तडजोडीचा मसुदा सही करण्याआधी दाखवून घ्या.

१७. वकिलाकडे जाताना काय घेऊन येऊ?

पहिल्या प्रकरणाच्या शेवटच्या आदेशाची प्रमाणित नक्कल. ती नसेल तर निदान प्रकरण क्रमांक आणि साल, म्हणजे नकलेचा अर्ज करता येईल. बाकी सावकारांची यादी, नोटिसा, दरखास्तीचे कागद मागाहून आणले तरी चालतात.